रायफलमधल्या अक्षता

आमचे पूर्वज दख्खनमधून फौजेबरोबर ग्वाल्हेरला आले. त्यांच्या शस्त्रांपैकी आता एक तलवार उरली आहे, आणि पुढे आजोबांनी घेतलेली लिव्हरची एक रायफल. ट्रिगरभोवतीचं कडं खाली ओढून वर घेतलं की ती पुढच्या गोळीला तयार होते. दसऱ्याला शस्त्रपूजा झाली की बाबा मला ते कडं रिकामंच दोनदा चालवायला लावतात. तो खटका ऐकला की त्यांचा दसरा झाला. त्यांना आता फारसं उठवत नाही, म्हणून परवाना माझ्या नावावर केला आणि तेव्हापासून माझं नाक जरा वरच असतं.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या चार दिवस आधी रायफल काढली तर कडं हलेना. आत गोळी नाही हे दोनदा बघितलं, मग जोर लावला, तर ते अर्ध्यावर येऊन अडकलं. तीन वर्षांपूर्वी टोपी बाजारातल्या बंदुका दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी ती साफ केली होती. त्यानंतर तिला कुणी हात लावला नव्हता. म्हणजे मी सोडून, पण स्वतःला कोण मोजतं?

संध्याकाळी रायफल खोळीत घालून तडक दुकानात गेले. दसऱ्याआधी तिथे गर्दी असतेच. उचलली जीभ लावली टाळ्याला, तसं मी सगळ्यांसमोर बोलून गेले, "असली पुर्जा निकालकर नकली डाल दिया है आपने। बाबा नहीं आते, तो सोचा होगा लड़की क्या समझेगी।"

एका गृहस्थाने काउंटरवर ठेवलेली आपली दुनळी बंदूक उचलली आणि तो निघून गेला. बाबांचं काम मिस्त्री चाळीस वर्षं करत आले आहेत. ते इतकंच म्हणाले की उद्या दुपारी या, खोलून दाखवतो.

दुपारी दुकानात ते एकटेच होते. फडक्यावर सगळे पुर्जे मांडलेले होते आणि शेजारी कागदावर आतून खरवडून काढलेलं काहीतरी होतं. तुपाच्या बेरीसारखं तपकिरी, चिकट. त्यात लालसर कुंकू होतं आणि तांदळाचे तीन दाणे होते.

"पुर्जे सब वही हैं, बिटिया," ते म्हणाले. "चावल आपके घर के हैं।"

मग त्यांनी तेल कुठलं घालता ते विचारलं. बंदुकीचं तेल बाबांनी कपाटात ठेवलेलं आहे आणि तेच घाल असं बजावलेलंही आहे. पण पूजेला ते वासाचं तेल कसलं, असं म्हणून मी दर दसऱ्याला देवघरातलं खोबरेल सांध्यांत सढळ हाताने ओतत होते, वर हळदकुंकू, वर अक्षता. आमच्याकडच्या थंडीत ते थिजायचं, आणि उरलेलं या तीन वर्षांत आत चिकटत गेलं. शस्त्राची जास्तीत जास्त काळजी आपणच घेतो, अशी माझी समजूत होती.

मी खाली बघत माफी मागितली. "हो जाता है," म्हणून त्यांनी रायफल जोडायला घेतली. मला फार लाज वाटली, पण खरं सांगायचं तर दुकान रिकामं आहे याचं बरंही वाटलं, आणि त्याची लाज आज जास्त वाटते.

घरी बाबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "चार लोकांत बोललीस ना? मग चार लोकांतच निस्तर."

दसऱ्याला कडं लोण्यासारखं चाललं. बाबांनी डोळे मिटून खटका ऐकला, पण नेहमीचं शाबास म्हणाले नाहीत. संध्याकाळी माझ्या हातात आपट्याची पानं दिली आणि मिस्त्रींना सोनं देऊन ये म्हणाले.

माफीचं वाक्य मी घरापासून घोकत गेले होते. दुकानात पाच-सहा माणसं बसली होती. मी पानं मिस्त्रींच्या हातात ठेवली, नमस्कार केला आणि तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पानं कपाळाला लावली आणि बसलेल्यांना सांगितलं, "साहब की बिटिया हैं। राइफल कैसे सँभाली जाती है, कोई इनसे सीखे।"

सगळ्यांनी कौतुकाने माझ्याकडे पाहिलं. आणि मी मान डोलावली.