कल्लाप्पाचा डावा पाय

पडदा वर जातो. खराखुरा पडदा. आमची नाटक कंपनी बुडाली तेव्हा माझ्या वाट्याला आलेला लाल मखमलीचा तुकडा मी खालच्या बिऱ्हाडातल्या कल्लाप्पाला मोटारसायकलवर घालायला देऊन टाकला. चामराजपेटच्या आमच्या अंगणात, नळाशेजारी, रोज सकाळी कल्लाप्पा तो पडदा दोन्ही हातांनी उचलतो आणि आत नायिका उभी असते: काळी, वयस्कर, टाकीला एक पोचा आलेली.

त्या रविवारचा प्रयोग मात्र अटीतटीचा होता. कल्लाप्पा मूळचा निपाणीचा. यशवंतपूरच्या बिस्किट कारखान्यातून निवृत्त होईपर्यंत याच गाडीने त्याची ने-आण केली. अलीकडे तिचा गिअरचा दांडा चिकटायला लागला होता. पायाने दाबला की दबलेलाच राहायचा. मग हा पठ्ठ्या डावी चप्पल काढून अंगठ्याने तो वर उचलायचा. असंच एकदा चप्पल सिग्नलला राहिली आणि कल्लाप्पा पुढे गेला. मागून नेमका सूर्यकांत येत होता, त्याचा इलेक्ट्रॉनिक सिटीत राहणारा मुलगा. त्याने चप्पल उचलली, घरी आणून बापापुढे ठेवली आणि बजावलं की रविवारी जेवायला येईन, तेव्हा गिअर नीट पडला तर ठीक, नाहीतर गाडी भंगारात आणि आप्पांना बिनगिअरची स्कूटर.

‘बिनगिअरची’ हा शब्द कल्लाप्पाने मला असा ऐकवला, की आमच्या कंपनीतल्या खलनायकालाही तो तसा जमला नसता.

गल्लीतला मेकॅनिक सूर्यकांतचा वर्गमित्र. त्याच्याकडे गाडी नेणं म्हणजे बातमी नेणं. म्हणून शस्त्रक्रिया घरीच, आणि टॉर्च धरायला मी.

दांडा ज्या पिनवर फिरतो तिची क्लिप कल्लाप्पाने उपसली. दांडा हलेना. त्याने डिझेल सोडलं, लाकडाने टोले घातले, कन्नडमध्ये विनवण्या केल्या, मराठीत शिव्या दिल्या. अखेर दांडा एकदाचा निघाला, आणि पिनवर दिसला लालपिवळा घट्ट थर. मला वाटलं गंज. कल्लाप्पाने वास घेतला आणि आवाज खाली आणला.

“मास्तर, हे हळदकुंकू हाय.”

त्याची बायको सगुणाबाई दर खंडेनवमीला गाडीची पूजा करते. हॉर्नला एक बोट, चाकाला एक बोट, पण गिअरला चिमूटच्या चिमूट. कारण तिथे नवऱ्याचा पाय लागतो, आणि पुजलेल्या वस्तूला पाय लागला तर देवीची क्षमा नको का मागायला? वाऱ्याने उडू नये म्हणून ती ते तेलात कालवते. वर्षानुवर्षं मागितलेली क्षमा त्या पिनवर साठून घट्ट झाली होती.

आता हे तिला सांगणार कोण? कल्लाप्पाने घाईघाईने पिन पुसली, पॉलिश पेपरने घासली, वंगण भरलं, दांडा बसवून क्लिप लावली. फडकं लपवायचं तेवढं राहिलं आणि सगुणाबाई कळशी घेऊन नळावर आली. मी तिच्या आडवा उभा राहिलो, पाण्याची चौकशी केली, खोकलो. रंगमंचावर मी कितीदा तरी मेलो आहे, पण इतकं वाईट काम कधी केलं नव्हतं. तिने माझ्या खांद्यावरून नवऱ्याचे लाल हात पाहिले आणि कळशी टाकून ओरडली की ह्यांचं बोट तुटलं.

सूर्यकांत फाटकातून आत आला तो या प्रवेशावर.

“झालं, आप्पा. गाडी आजच जाणार.”

एका वाक्यात कल्लाप्पाला गाडी वाचवता आली असती. पण त्यासाठी बायकोच्या हळदकुंकवाला दोष द्यावा लागला असता.

सगुणाबाईने त्याची बोटं उलटसुलट करून पाहिली. जखम नव्हती. मग तिने फडकं उचलून हुंगलं. आपल्या हातचं कुंकू ती ओळखणार नाही होय? ते तिने नीट घडी घालून ठेवलं. मग मुलाकडे वळली.

“गाडी कुठं जात नाही. इतकी वर्षं जिला हळदकुंकू लावलं तिला भंगारात घालतोस काय रे?”

तरी मुलाने अट सोडली नाही. चालवून दाखवा म्हणाला. कल्लाप्पाने दोन्ही पायांत चपला घातल्या आणि किक मारली. पहिला गिअर टक्कन पडला, दांडा आपणहून जागेवर आला. गल्लीच्या टोकाला वळसा घालून तो परतला तेव्हा सूर्यकांतने आधी त्याच्या पायांकडे पाहिलं. दोन्ही चपला होत्या. “सरी, ठीक आहे,” म्हणून तो जेवायला आत गेला.

तोवर सगुणाबाई करंडा घेऊन आली होती. दांडा नव्याने बसवला म्हणजे पूजा आलीच. कुंकवाचं बोट घेऊन ती गिअरपाशी वाकली. कल्लाप्पाने तिला अडवलं नाही, आपला पाय तेवढा बाजूला घेतला.

“लाव,” तो म्हणाला. “पण स्वल्प लाव, आणि तेल घालू नको. वंगण मी घातलंय.”