झमकूनं उंटिणीचं दूध विकलं

आम्हा रायक्यांत, म्हणजे राजस्थानातल्या उंटपाळांत, उंटिणीचं दूध कुणी विकत नसे. पोरांना पाजावं, आल्यागेल्याला वाडगाभर द्यावं. पण दूध विकणं म्हणजे पोटचं पोर विकणं. माझी भावजय झमकू ते विकायला निघाली, तेव्हा घरात भडकाच उडाला.

तिचा तरी काय इलाज? आमचे आजोबा उंटांचे तांडे घेऊन थेट सिंधपर्यंत जायचे. मग सरहद्द आली, वाट बंद झाली. पुढे ट्रक आले. कालव्याचं पाणी आलं तशी चराईच्या रानात शेतं उभी राहिली. उंटांना कुणी विचारेना. त्या साली माझा धाकटा भाऊ, झमकूचा नवरा, जत्रेतून सगळ्या सांडण्या तशाच परत घेऊन आला. गिऱ्हाईक होतं ते फक्त कसाई.

झमकू थोरल्या दिरापुढे, म्हणजे आमच्या वागारामदादापुढे, घुंगट ओढायची. त्याच्याशी बोलायची ते माझ्यामार्फत. अंगणात तिघंही असायचो, तरीही!

"बाईजी, भावजींना विचारा, सांडणी कसायाला दिली तर चालतं, आणि दूध दिलं की पाप?"

"तिला सांग, जीभ फार चालते म्हणावं!" दादा गरजला.

"सांगा, घुंगट तोंडावर आहे, अकलेवर नाही."

मला हसू आवरेना. दादा काठी आपटत निघून गेला.

शहरातल्या एका डेअरीनं दूध घ्यायचं कबूल केलं होतं. सकाळच्या बसनं कॅन पाठवायचा. आणि नेमकी पहिल्याच दिवशी रूपल सांडणी दावं तोडून पळाली! टेकाडामागं सापडली. पिल्लू लावून झमकूनं धार काढली, कॅन फेसानं भरला, तोच फाट्यावर भोंगा वाजला. आम्ही दोघी पळत सुटलो. वाळूत पाय रुतत होते. फाट्यावर पोचतोय तर बस निघालेली!

समोरून दादा उंटावर येत होता. झमकूनं घुंगट मागं टाकला.

"अहो भावजी, बघत काय बसलात? पळवा उंट!"

इतक्या वर्षांत तिनं त्याला थेट हाक मारली ती ही पहिलीच. दादाचा चेहरा लालबुंद झाला. पण त्यानं वाकून तिच्या हातातून कॅन घेतला, मांडीत धरला आणि टाच मारली.

काय पळाला तो उंट! डांबरी रस्त्याच्या कडेनं बसच्या बरोबरीनं. खिडक्याखिडक्यांतून माणसं ओरडत होती, पोरं टाळ्या पिटत होती. शेवटी बस थांबली.

"काय बाबा, वऱ्हाड चुकलं का?" कंडक्टरनं विचारलं.

"वऱ्हाड कसलं? सांडणीचं दूध आहे! सांडू नका म्हणजे झालं!"

दूध पोचलं. दुसऱ्या दिवशी डेअरीवाल्यांनी आणखी मागवलं. आता आसपासच्या ढाण्यांतून, लहानसहान वस्त्यांतून, बाया पहाटे कॅन घेऊन येतात, आणि कसायाची गाडी आमच्याकडे वळत नाही. गेल्या थंडीत एका मध्यरात्री रूपल पुन्हा व्यायली, मादी झाली. दादानं त्याच रात्री गावभर गूळ वाटला. देवळातल्या पुजाऱ्यालासुद्धा उठवून दिला.