सगळ्या जखमा पुढच्या

रोह्याच्या शाळेत आम्हाला इतिहास शिकवणाऱ्या मास्तरांना एका परदेशी राजपुत्राचं फार वेड होतं. बाप सम्राट, पण गादी गेलेली, म्हणून हा इंग्रजांच्या आश्रयाला. पुढे इंग्रजांनी आफ्रिकेत झुलूंच्या मुलखावर स्वारी केली, तेव्हा हा हौसेनं बरोबर गेला. टेहळणीची छोटी तुकडी एका ओस वस्तीत कॉफी प्यायला थांबली, आणि उंच गवतातून भाले घेऊन झुलू आले. बाकीचे घोड्यांवर चढून पसार झाले. राजपुत्रानं खोगिराचा पट्टा धरला, तो तुटला. सापडला तेव्हा अंगावर भाल्यांच्या जखमाच जखमा, आणि सगळ्या पुढच्या बाजूला. इथे मास्तरांचे डोळे भरून यायचे. मला चीड यायची. इंग्रजांना आत्ता कुठे घालवलं होतं, आणि रडायचं कुणासाठी? जमीन झुलूंची होती, त्यांनी ती राखली. मी तसं म्हणालो आणि कानफटात खाल्ली.

शाळेच्या संमेलनात याच गोष्टीवरच्या नाटकात मास्तरांनी मला मुद्दाम पळून जाणाऱ्या अधिकाऱ्याचं काम दिलं. राजपुत्र झाला माझा मित्र. माझं गाव पेणकडे, खाडीकाठच्या खारेपाटात, म्हणून शिकायला मी रोह्यात त्याच्याच घरी राहत होतो. त्याला आई नव्हती. वडील शिंपीकाम करायचे, भाकऱ्याही तेच भाजायचे आणि पहिली गरम भाकरी माझ्या ताटात टाकायचे. नाटकात मी इतका झोकात पळालो की सगळ्यात जास्त टाळ्या मलाच पडल्या.

पाच-सहा वर्षांनी आमच्या गावाचं आणि खाडीपलीकडच्या गावाचं उघाडीवरून बिनसलं. उघाडी म्हणजे बांधातलं पाण्याचं दार. मासळीसाठी ते लोक भरतीला ते उचकटून ठेवायचे, आणि खारं पाणी आमच्या भातात शिरायचं. एकदा शेतात खार बसला की दोन-तीन वर्षं पिकाचं नाव नको. मित्र तेव्हा सुट्टीला माझ्याकडे आला होता. त्याची ना तिथं जमीन, ना कुणाशी वैर. "चल, बघून येऊ," असं मीच म्हणालो.

भर दुपारी आम्ही माझ्या सायकलवरून बांधावर गेलो. दार उघडंच होतं. मी ते खाली ठोकायला लागलो, त्यानं फळी धरली. तेवढ्यात खाडीकडच्या तिवरांच्या झाडीतून सात-आठ जण निघाले. पहिल्याच्या हातात कोयता होता. काही न विचारता त्यानं तो मित्राच्या खांद्यावर घातला. हाड मोडलेलं मला ऐकू आलं, रक्त माझ्या तोंडावर उडालं. मी सायकल उचलली आणि टांग मारली. मित्र धावत आला आणि धड हातानं त्यानं कॅरियर धरला. सायकल अडली. "थांब रे," तो म्हणाला. ओरडलासुद्धा नाही. मी उभा राहून पायडल मारलं. त्याचा हात सुटला. मागून कोयते पडत असल्याचा आवाज येत होता, चिखलात फावडं मारल्यासारखा. मी मान वळवली नाही.

गाव घेऊन परत आलो तेव्हा तो बांधावर उताणा पडला होता. छाती, पोट, तोंड, सगळं फाटलेलं. कोयत्याचं पातं धरून धरून धड हाताचा तळवा हाडापर्यंत चिरलेला. उचलायला दोघांनी त्याला कुशीवर वळवलं. पाठ कोरी होती.

संध्याकाळी पेणच्या दवाखान्यात त्याचे वडील आले. त्यांनी चादर काढून सगळं पाहिलं. मग पाठीवरून हात फिरवला. "पाठीला काय नाय. पोरगा पळाला नाय."

नंतर ते माझ्याकडे वळले. माझा शर्ट त्याच्याच रक्तानं कडक झाला होता. त्यांनी माझी बटणं काढली, छाती चाचपली, पाठ चाचपली.

"तुला कुठं लागलंय का रे?"

"नाय."

"शेवटपर्यंत त्याच्याजवळ व्हतास ना?"

मी म्हणालो, "व्हय."

"बरं झालं. एकटा नव्हता तो." आणि त्यांनी एकेक करून माझी बटणं परत लावली.

त्यानंतर ते पुष्कळ वर्षं जगले. मी दर दिवाळीला रोह्याला जायचो. खरं सांगायचं ठरवून जायचो आणि न सांगता परतायचो. माझी मलाच किळस येते. पहिली गरम भाकरी ते माझ्याच ताटात टाकायचे, आणि मी ती खायचो.