खांदेमळणीच्या घागरी

पुरुषाच्या डोक्यावर भरली घागर दिली की त्याची मान कशी लटपटते, हे आमच्या गावानं एकदाच पाहिलं. मी तर हसता हसता बारवेच्या पायरीवरून खाली आले. गुडघ्यावर खूण आहे अजून. पण ते पुढं.

देवणीच्या अंगाला आमचं गाव. राज्य निजामाचं. त्या साली पावसानं दडी मारलेली, ओढा कोरडा ठाक, आणि आजूबाजूच्या गावांत पटकी शिरलेली. जुलाब-उलट्या होऊन सकाळचा माणूस संध्याकाळी नसायचा. तालुक्याहून दवाखान्याचा माणूस आला, बारवेत लाल दवाई ओतली आणि चावडीवर पुरुषांना बजावून गेला की बारवेत धुणं धुवू नका, जनावर धुवू नका. सगळे ‘जी साहेब, जी साहेब’ म्हणाले आणि तंबाखू मळत घरी गेले. आता मला सांगा, पाणी भरणार बाया, आणि हुकूम ऐकवला कुणाला? सगळाच शहाण्यांचा बाजार.

बायांना सांगितलं ते माझ्या आत्यानं. बापाची ही धाकटी बहीण. आधीच्या एका पटकीत तिचा नवरा आणि पोरगा एकाच आठवड्यात गेले, सासरच्यांनी दार लावून घेतलं, तेव्हापासून ती आमच्याकडं होती. विधवेचं तोंड समोर नको, म्हणून कुणी येताना दिसलं की ती आपणहून भिंतीला लागून बाजूला सरायची. मला त्याचा फार राग यायचा. त्या सकाळी मात्र ती बारवेच्या पायरीवर मधोमध बसली आणि पाण्याला आलेल्या बायांना म्हणाली, ‘आमच्या तिकडं बी सगळं बारवेतच धुवायचे. म्या दोन माणसं घालवून बसले. तुमी बसू नका.’

बायांनी तिथंच ठरवलं. सगळ्यांना मिळून एकच पोहरा, घरचा कुणी बुडवायचा नाही. पायरीवर धुणं नाही, की हातपाय धुणं नाही. राखणीला आम्ही पोरंपोरी. मी असेन दहा-अकरा वर्षांची, हातात काठी आली आणि मी एकदम तालुकदारच झाले. पाटलांच्या घरचं धुणं परत धाडलं. चूळ भरणाऱ्या गुरुजींनाही सोडलं नाही. लई मजा होती.

मजा संपली ती पोळा जवळ आल्यावर. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी. बैलांना आंघोळ घालायची आणि हळद-तूप लावून त्यांचे खांदे चोळायचे. ओढ्याला पाणी नसलं की गावचे बैल बारवेच्या वरच्या टप्प्यावर उभे करून धुवायचे, आणि ते घाण पाणी परत बारवेतच. यात पहिला मान माझ्या बापाचा. काळ्या तोंडाची, पांढरीशुभ्र देवणी जोडी होती त्याची. आम्हा लेकरांना कधी कुरवाळलं नसेल तेवढं त्यांना कुरवाळायचा.

आत्या बैल अडवणार हे मायनं ओळखलं होतं. चुलीपाशी तिनं आत्याला सुनावलं, की भावाच्या घरात राहायचं आणि भावाच्याच बैलांना आडवं जायचं? उद्या त्यानं बाहेर काढलं तर जाशील कुठं? आत्या भाकरी थापत राहिली. मी मात्र घाबरले. आत्या गेली असती तर मला कोण होतं हो? माझी वेणी ती घालायची, माझे गुन्हे तीच पदराखाली घ्यायची.

खांदेमळणीला बाप जोडी घेऊन आला, त्याच्या मागं गावातले बाकीचे गडी. आत्या पायरीवर उभी.

‘बाजूला सर,’ बाप म्हणाला.

‘बैल धुवा की, दादा. पाणी वर न्या आन माळावर धुवा.’

पाणी कोण वाहणार, असं बापानं विचारलं. तेवढ्यात माय पुढं झाली. मला वाटलं, आता ही आत्याला ओढून नेणार. पण मायनं आपली घागर बापाच्या पायाशी ठेवली, डोक्यावरची चुंबळ काढून वर ठेवली आणि म्हणाली, ‘बैल तुमचे. उचला.’

मागोमाग बाकीच्या बायांनीही घागरी खाली ठेवल्या. मग काय विचारता महाराज! मिशीवाले गडी चुंबळी सावरत माळाकडं निघाले. निम्मं पाणी धोतरात, निम्मं वाटेवर. पाटलांनी घागर दोन्ही हातांनी धरली आणि फेटा गेला चिखलात. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या, आणि मी हसता हसता पायरीवरून घसरले ती तेव्हाच. बापानं सगळ्यांत जास्त खेपा केल्या, पण तो हसला नाही. आत्याशी बोललाही नाही. आत्यानं कोपऱ्यात आपलं गाठोडं बांधून ठेवलेलं मी पाहिलं आणि माझं जेवण गेलं.

पोळ्याला बैल मिरवून दारात आले. माय ताट घेऊन उभी, आत्या रिवाजाप्रमाणं आत, दाराआड. बापाची मान घागरींनी अशी धरली होती की अंगासकट वळावं लागत होतं. तो दारातच थांबला.

‘तिला बोलाव. बैलाच्या पायावर पाणी तिनं घालायचं.’

‘माझ्या हातानं चालत न्हाई, दादा,’ आत्या आतूनच म्हणाली.

‘आख्ख्या गावाच्या पाण्याला तुझा हात चालतोय, मंग माझ्याच बैलाला काय झालं?’

माय आत गेली, गाठोडं पायानं चुलीमागं सरकवलं आणि तांब्या आत्याच्या हातात दिला. आत्या बाहेर आली. तिनं तांब्या ओतला, अर्धं पाणी बापाच्याच पायावर पडलं. मी रडत होते आणि हसत होते. मग बैल उंबऱ्याकडं आला, आणि आत्या बाजूला सरली नाही.