मास्क बांधून घातलेलं गाऱ्हाणं

"स्प्युटम पॉझिटिव्ह आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि उठून त्यांनी खिडकी सताड उघडली. अर्थ मलाच विचारावा लागला. थुंकीत जंतू सापडले होते. पल्मनरी टीबी, म्हणजे फुप्फुसाचा क्षय. खोकल्याचं खापर मी इतके महिने गिरणीतल्या कापसावर फोडत होतो. गिरणी केव्हाच बंद पडली होती, खोकला मात्र चालू होता.

बाईंनी दोन गोष्टी बजावल्या. बरं वाटायला लागलं तरी औषध सोडायचं नाही, आणि थुंकी स्वच्छ होईपर्यंत माणसांत जाताना तोंडाला मास्क बांधायचा. मास्क म्हणजे गॉजच्या चार पदरांची पट्टी. माझी बायको मंदा घरीच अशा पट्ट्या शिवायची, रोज उकळायची आणि आतल्या दोरीवर वाळत घालायची. बाहेर घातल्या असत्या तर घाटकोपरच्या आमच्या डोंगरावर बातमी पसरायला वेळ लागला नसता. ती तशीही पसरलीच.

गोळ्यांनी लघवी लाल होते, इंजेक्शनने कंबर दुखते, हे सगळे सांगतात. मास्कात आवाजाचं काय होतं ते मला कुणी सांगितलं नव्हतं. ज्याच्यावर ही पाळी येईल त्याच्यासाठी ते लिहून ठेवतो.

पहिल्याच दिवशी मी मंदाला हाक मारली आणि माझा मीच दचकलो. गोधडीत तोंड खुपसून कुणी बोलावं तसा आवाज. स, श, फ, च ही अक्षरं तर कापडातच अडकायची. मोठ्याने बोलावं तर श्वास पुरेना, ओलं कापड ओठांना चिकटे आणि लगेच खोकल्याची उबळ येई. चार दिवस ओरडून घसा बसला आणि माझी पाचावर धारण बसली. हा रोग घशातही उतरतो, हे मी दवाखान्याच्या बाकावर ऐकलं होतं.

मला आवाजाची इतकी काळजी का, तेही सांगतो. आमच्या चाळीत बहुतेक सगळे मालवणकडचे. वर्षातून एकदा चाळीची सत्यनारायणाची पूजा होते आणि आरतीनंतर देवाला गाऱ्हाणं घालतात. एकाने खड्या आवाजात सगळ्यांच्या वतीने मागणं मागायचं आणि प्रत्येक मागण्याला सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणून होकार भरायचा. जो होकार भरत नाही, त्याच्या मनात काळंबेरं आहे असं धरतात. आमच्या चाळीचं गाऱ्हाणं आधी माझे वडील घालायचे, नंतर मी. नोकरी गेली, तब्येत गेली, पण चाळीच्या वतीने देवाशी बोलायचा मान माझ्याकडे होता.

डॉक्टरीणबाईंनी लॅरिंगोस्कोपी केली. घशात छोटा आरसा घालून आवाजाच्या पट्ट्या बघतात, त्याला हे भारदस्त नाव. मी आ वासून बसलो होतो आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. "घसा साफ आहे," त्या म्हणाल्या. "कापड आवाजाची धार खातं आणि तुम्ही ती ओरडून भरून काढताय. ओरडू नका. सावकाश बोला, कापडाआड तोंड नीट उघडा, वाक्य छोटं ठेवा." मी पूजेतल्या गाऱ्हाण्याचं विचारलं. उघड्यावर, लोकांपासून लांब उभं राहून घाला, त्या म्हणाल्या, पण मास्क देवासमोरही काढायचा नाही.

तोवर चाळीत वेगळंच शिजलं होतं. शेजारच्या काकूंनी आपली कळशी नळाच्या रांगेत आमच्या कळशीपासून लांब सरकवली होती. आमच्या दारावरून जाताना लोक पलीकडे बघायचे. भिकूतात्या आमच्या पूजा कमिटीचे प्रमुख, वडिलांचे दोस्त. ते दाराबाहेर उभे राहून म्हणाले की यंदा गाऱ्हाणं दुसऱ्या कुणालातरी घालू दे, तू आराम कर. त्यांच्या बोलण्यात माया होती, म्हणूनच जास्त लागलं. मी गप्प बसलो. मंदा बसली नाही. "तात्यानू, आजार छातीत आसा, जिभेक नाय," ती म्हणाली.

मग आमचा सराव सुरू झाला. मी खोलीच्या या टोकाला मास्क बांधून, ती गॅलरीच्या पार टोकाला. ऐकू आलं तर हात वर, नाही तर नुसती मान हलवायची. मान हलली की मी चिडायचो आणि पुन्हा म्हणायचो. बिऱ्हाडं दारं लोटून घ्यायची. घेईनात का.

पूजेच्या दिवशी मी मांडवाच्या बाहेर, सगळ्यांपासून लांब उभा राहिलो. कुणीतरी माईक आणून दिला. माईकने आवाज मोठा झाला, स्पष्ट झाला नाही. गोधडीतला माणूस फक्त मोठ्या गोधडीत गेला. माईक मी खाली ठेवला.

पहिली दोन मागणी नीट गेली. तिसऱ्याला मी जुन्या सवयीने लांबलचक वाक्याला हात घातला. "ही रोगराई, ही इडापिडा, हो खोकलो ह्या चाळीत..." आणि श्वास संपला. एरवी माझे ओठ दिसतात, आवाज कुठे उतरतो ते कळतं. मास्कात दोन्ही झाकलेलं. मी थांबलो म्हणजे वाक्य संपलं असं समजून अख्खी चाळ एका सुरात म्हणाली, "व्हय म्हाराजा!"

पुढचं 'येऊ देऊ नको' तोंडातच राहिलं आणि रोगराई चाळीत येऊ दे, असं सगळ्यांनी मिळून देवाला सांगून झालं होतं. बायकांनी कपाळाला हात लावला. पोरं फिदीफिदी हसायला लागली. तात्या पुढे आले. "दोन मिनटां तो फडको काढ रे. देवासमोर काय होणा नाय."

माझा हात मास्कच्या दोरीकडे गेला नाही, असं म्हणणार नाही. पुढच्या सतरंजीवर काकूंची तान्ही नात होती. जिच्या घराने माझी कळशी बाटलेली ठरवली, तिच्यासाठीच मला मास्क ठेवायचा होता. मला भयंकर राग आला आणि त्या रागातच श्वास जागेवर आला.

"फडको काढूचंय नाय," मी म्हणालो. "माझ्या हाताकडे बघा. हात खाली इलो की म्हणा."

पहिल्यापासून सुरुवात केली. छोटी वाक्यं, आरडाओरडा नाही. इडापिडा दूर कर रे म्हाराजा. हात खाली. पोरांबाळांक सुखी ठेव रे म्हाराजा. हात खाली. होकार पक्के येत होते. मग सरावात नव्हतं ते मागणं मी घातलं.

"बा देवा म्हाराजा. ज्येच्या घरात आजार इलो हा, तेच्या दारावरसून कोण तोंड फिरवन जाता. तेका बुद्धी दी रे म्हाराजा."

हात खाली आणला. कुणी बोलेना. तात्या खाली बघत होते, काकू पदराशी चाळा करत होत्या. मंदाने माझ्याकडे बघितलं, पण तीही थांबली. मी हात खालीच ठेवला. मला घाई नव्हती.

"व्हय म्हाराजा," तात्या म्हणाले, बसक्या आवाजात. मग काकू. मग सगळे.

मनापासून किती म्हणाले ते देवाला ठाऊक. दुसऱ्या दिवशी काही कळशा तशाच लांब होत्या, काही नव्हत्या. पुढे माझी थुंकी निगेटिव्ह आली, औषधं पुरी झाली, मंदाने उरलेलं गॉज दवाखान्यात देऊन टाकलं. डॉक्टरीणबाईंचे आणि तिचे उपकार आहेत, ते मी मानतो.

तुमच्यावर ही वेळ आली तर मास्क बांधा आणि औषध चुकवू नका. पण बरा झालास की बोल, तोवर गप्प राहा, असं कुणी मायेनेसुद्धा म्हणालं तर ऐकू नका. मला जे बोलायचं होतं ते आजारी असतानाच बोलणं भाग होतं. बरा झाल्यावर ते मागणं कुणी घातलं असतं?