लीव्हनकाकांच्या ताठ खुर्च्या

बांधावरून चालता चालता आमचं निम्मं अंतर झालं होतं. वारा समुद्राकडून येत होता, म्हणून लीव्हनकाकांनी टोपी काढून हातातच धरली होती. शहरातल्या इस्पितळात याकोमिनाकाकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, भेटून आम्ही गावाकडे परतत होतो. बस होती, पण काकांना पंचाहत्तरी उलटल्यावरही बसचं वावडं.

"पीटरनेल, दमलीस का गं?"

"मी कशाला दमते? तुम्ही दमलात तर सांगा, हळू चालते."

"म्हातारा म्हणायचं असेल तर सरळ म्हण की."

मी हसले. खरं तर मला त्यांना एक गोष्ट सांगायची होती आणि ती काही केल्या तोंडातून निघत नव्हती.

लीव्हन डिंगेमान्से आमच्याच गावचे. वडील शेतावरच्या गाड्या बनवायचे. गाडीच्या मागच्या फळीवर कोरलेली फुलं, त्यावर सोनेरी रंग. मुलगा उट्रेख्त शहरात जाऊन घरांचे नकाशे काढायला शिकला आणि फुलं सोडूनच परत आला. काकांनी केलेली खुर्ची म्हणजे सरळ फळ्या, सरळ दांडे, काळा रंग आणि टोकांना जरासा पिवळा. पहिली खुर्ची बघून वडिलांनी विचारलं होतं, "छान आहे. पुरी कधी होणार?" पुढे काकांनी शहरांतून सपाट छपरांची, भिंतभर खिडक्यांची घरं बांधली. एक खुर्ची संग्रहालयातही जाऊन बसली. गावात त्याचं कुणाला फारसं कौतुक नव्हतं.

मग त्रेपन्न साली समुद्राचा बांध फुटून पूर आला. माणसं आसऱ्याला चर्चमध्ये शिरली. आतली ओकची जड बाकं पाण्यावर तरंगत जाऊन दाराशी अडकली, आणि दार उघडेना. त्या दिवशी आत बुडून गेलेल्यांत काकांची धाकटी बहीण नील्त्ये होती.

नवं चर्च गावाने त्यांनाच बांधायला सांगितलं. बाकं नकोतच, असं ते पहिल्याच दिवशी म्हणाले. त्यांनी खुर्च्या केल्या, एका हाताने उचलून माडीवर नेता येतील इतक्या हलक्या. आणि उशी नाही. "भिजली की उशीचा दगड होतो," एवढंच ते म्हणायचे. पूर ताजा होता तोवर सगळ्यांना पटलं. नंतर पाठी दुखू लागल्या. लीव्हनच्या खुर्चीवर बसलं की पापं आपोआप आठवतात, अशी थट्टा सुरू झाली. एका रविवारी बेकरीवाली टोना विणलेली उशी घेऊन आली. उपासना संपल्यावर काकांनी ती उशी उचलली आणि सगळ्यांदेखत तिच्या हातात ठेवली. "बाई, तुमच्या घरची वस्तू इथे राहिली." नियम असा कुणी केला नाही, पण त्यानंतर उशी आणायची कुणाची छाती झाली नाही.

देवासमोर आरामात बसलं तर देव रागावेल असं मला कधी वाटलं नाही. पण काकांना ते दार दिसायचं, आणि त्यावर काय बोलणार?

पंपघराशी आल्यावर मी एकदाचं तोंड उघडलं.

"काका, काकूंना गुड फ्रायडेच्या आधी घरी सोडणार आहेत. त्या दिवशी चर्चमध्ये प्रभुभोजनालाही जाऊ देतो म्हणाले डॉक्टर."

"माहीत आहे मला."

"कडक खुर्चीवर बसायचं नाही म्हणालेत, तेही माहीत आहे?"

ते थांबले. "ती मला तसं बोलली नाही."

"तुम्हाला कशा बोलतील? मला म्हणाल्या, मी घरीच थांबते. लीव्हनच्या चर्चमध्ये लीव्हनचीच बायको उशी घेऊन आली, असं मी गावाला बोलू देणार नाही."

पुढच्या वर्षीचं प्रभुभोजन काकूंच्या वाट्याला येईल, असं डॉक्टरांना वाटत नव्हतं. ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

"किती दिवसांपासून दुखतेय तिला?"

"हे तुम्ही मला विचारताय?"

ते बांधाच्या उतारावर गवतात बसले. मीही बसले. खाली कालव्याचं पाणी वाऱ्याने थरथरत होतं. काका त्या पाण्याकडे बघत राहिले, आणि मी मनातल्या मनात प्रार्थना केली.

"पाणी आलं तर..." ते म्हणाले आणि थांबले.

"पाणी आलं तर आधी काकूंना माडीवर नेऊ. उशी राहील तिथेच."

"तुला एकटीला उचलवणार नाही ती."

"मग तुम्ही पाय धरा."

ते हसतील असं वाटलं होतं, पण हसले नाहीत. टोपी गुडघ्यावर ठेवून ती तळहाताने सारखी करत राहिले.

"तुझ्याकडे शिवणयंत्र आहे ना?"

"आहे की."

"दोन उशा शिवून दे मला. मापं मी देतो... नको, मापं राहू देत. जाड कर. चर्चची चावी तुझ्याकडेच असते, तेव्हा शुक्रवारी सगळ्यांच्या आधी जा. एक तिच्या खुर्चीवर ठेव. पण त्याआधी दुसरी माझ्या खुर्चीवर ठेव, आत येणाऱ्या प्रत्येकाला दिसेल अशी. एवढं कर."