कोपरावरचं पीठ

ज्वारीच्या पिठात जन्म काढलेल्या बाईच्या कोपरावर पांढरं दिसलं, तर ती काय समजेल? पीठच समजेल. मीही समजले. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत समजत राहिले. आज त्याचं हसू येतं, मग राग येतो आणि मग परत हसू येतं.

बिदरकडच्या चिटगुप्प्यात आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडात आम्ही चौघी बायका भाकरी करतो. लग्नाच्या, बारशाच्या, जत्रेच्या, आणि कडक वाळवलेल्या, महिनाभर टिकणाऱ्या. एक पीठ मळते, दोघी शेकतात आणि काठवटीपुढं थापायला बसते मी. फुशारकी मारत नाही, बाजारात कुणालाही विचारा. भाकरी पातळ, परातीएवढी, आणि कडेला एक चीर नाही. "हात कुणाचा घेतलास गं?" असं बायका विचारायच्या. चुलतीचा, मी म्हणायची. करजगीला, माझ्या माहेरी, चूल चुलतीच्या ताब्यात होती. आईला भाकरी येत नाही असं आमच्या घरात सगळेच म्हणायचे. आई गोठ्याकडं जायची. जेवायलाही ती सगळ्यांच्या मागून, आपलं वेगळं ताट घेऊन दाराजवळ बसायची, आणि भर उन्हाळ्यात अंगात लांब बाह्यांचं पोलकं. आम्हा पोरांना वाटायचं, ती तशीच आहे.

तर कोपर. आंघोळीत घासलं की पांढरं जायचं आणि दोन दिवसांत परत हजर. एकदा चिडून नखानं खरवडलं. एक पापुद्रा निघाला, त्याखाली दुसरा निघाला, आणि त्याच्याखाली रक्ताचे बारीक बारीक थेंब आले. पीठ कितीही वाळलं तरी त्याच्याखालून रक्त येत नाही, एवढं तर मला कळत होतं.

पण माणूस लबाड असतो, आणि स्वतःशी तर फारच. माझ्याकडं प्रत्येक गोष्टीला उत्तर तयार. डोक्यातून कोंडा पडायचा, ती चुलीची राख. नखांवर टाचणीनं टोचल्यासारखे खड्डे पडले, ते तव्याच्या चटक्यांनी. सकाळी उठल्यावर मूठ मिटायची नाही, कारण बोटं थापून थापून झिजली. उजव्या हाताचं एक बोट मुळापासून टोकापर्यंत गाजरासारखं सुजलं, अंगठी कापून काढावी लागली, तरी मी म्हणतेय कामाचं दुखणं आहे, बसेल हळूहळू. धन्य आहे माझी!

मग एक दिवस एका लग्नघरची बाई आली, नवरीची आत्या. भाकरी सांगायला आली होती. मी बाह्या वर सारून थापत होते. ती माझ्या कोपराकडं बघत राहिली आणि आमच्या अक्काला बाजूला घेऊन गेली. ही अक्का हुलसूरची, आमच्या चौघींत थोरली, शेडाच्या पहिल्या दिवसापासून माझ्यासोबत. नवरीच्या आत्याला हळू बोलायची सवय नसावी.

"त्या बाईच्या हाताला काय झालंय ओ? त्या हातचं आमच्या वऱ्हाडानं खायाचं व्हय?"

"पीठ हाय ते," अक्का म्हणाली.

"पीठ असं चट्ट्यानं बसतंय? मला शिकवायलीस का?"

बाई चप्पल घालून गेली. पुन्हा आली नाही.

दुसऱ्या दिवशी चहा आला. तिघींचे कप नेहमीचे, आणि माझा चहा कान तुटलेल्या कपात. आणला अक्कानंच. दुनियेला उलट उत्तर देणारी मी, त्याच कपातून मुकाट्यानं प्याले. आणि त्याच दिवशी काठवटीपुढून उठून सरपणाच्या ढिगाकडं जाऊन बसले, चुलीत लाकडं सारायला. मला कुणी उठवलं नाही हो, मीच उठले. माझ्या हातचं लोक मागून खातात, एवढ्या एका गोष्टीवर मी ताठ मानेनं चिटगुप्प्याच्या बाजारातून चालत होते. तेच गेलं तर माझ्यात राहिलं काय?

म्हणून औषधाच्या दुकानातून मलम आणलं. दुकानदार खाजेलाही तेच द्यायचा, गजकर्णालाही तेच. आठ दिवसांत कातडी साफ! मी परत काठवटीपुढं, गाणी म्हणत. नळी संपली, लावायचं थांबवलं, आणि पंधरा दिवसांत दुखणं दुपटीनं आलं. गुडघ्यांवर आलं, पाठीवर आलं. तव्याचा चटका बसला होता, तेवढीच जागा धरून तिथंही नवा चट्टा उठला. तेव्हा मात्र मी घाबरले आणि बिदरची बस धरली.

कातडीच्या डॉक्टरीणबाई वयानं लहान होत्या. दवाखान्यातल्या आयाबाईशी कानडीत, रांगेत माझ्या पुढच्या म्हातारबाबाशी दखनी उर्दूत आणि माझ्याशी आपल्या मराठीत बोलल्या. त्यांनी माझं कोपर उघड्या हातानं धरलं. कित्येक महिन्यांत मला असं कुणी धरलं नव्हतं. गुडघे बघितले, डोकं बघितलं, कानामागं बघितलं, नखं उजेडात धरून बघितली. मग विचारलं, "बोटं कवा जास्त दुखतात? काम केल्यावर, का कामाच्या आधी?"

मी विचारात पडले. सकाळी बोटं लाकडासारखी असतात. गरम उकडीत हात घातला, दहा-पंधरा भाकरी थापल्या की ती सुटतात.

"आधीच," मी म्हटलं. "कामानं तर मोकळी होतात."

"मग बिचाऱ्या कामाला कामून नावं ठेवायलाव? कामानं दुखलं असतं तर थापल्यावर जास्त दुखलं असतं."

दुखण्याचं नाव त्यांनी सांगितलं, सोरायसिस. अंगाची राखण करणारी ताकद चुकून आपल्याच अंगावर उठते आणि कातडी नको तेवढी घाई करते. महिनाभराचं काम चार-पाच दिवसांत उरकते. जुनी गळायच्या आत नवी वर येते. मला लगेच कळलं. तव्यावरची भाकरी उतरवायच्या आत तिच्यावर दुसरी टाकली, तिच्यावर तिसरी, तर काय होईल? कच्च्या भाकरींची चळत. तीच माझ्या कोपरावर होती. हेच दुखणं सांध्यांतही उतरतं. माझी आखडलेली बोटं, ते गाजर, नखांचे खड्डे, डोक्यातली राख, सगळं एकच. वेळेत औषध नाही घेतलं तर बोटं वाकडी होतात, आणि वाकलेलं बोट मग सरळ होत नाही.

"जाईल का हे?" मी विचारलं.

"मुळातून जाईल असं खोटं सांगणार न्हाई. पण ताब्यात राहील. आन एक ध्यानात ठेवा, हे कुणाला लागत न्हाई. शिवून न्हाई, एका ताटात जेवून न्हाई, तुमच्या हातची भाकरी खाऊन तर मुळीच न्हाई."

गोळी आठवड्यातून एकदाच, सोमवारी. रोज घेतली तर जिवावर बेतेल, हे त्यांनी माझ्याकडून तीनदा वदवून घेतलं, शाळेतल्या पाढ्यासारखं. मधूनमधून रक्त तपासायचं. आणि मनानं कुठलीही नळी आणायची नाही. शेवटी पेन उचलून विचारलं, "घरात आणखी कुणाला हाय का असं?"

"न्हाई," मी म्हटलं. आणि तोंड तसंच उघडं राहिलं. लांब बाह्यांचं पोलकं. दाराजवळचं ताट.

"आई," मी म्हटलं.

परत आल्यावर शेडात तिघींना समोर बसवलं, बाह्या वर केल्या आणि सगळं सांगितलं. पापुद्रा पिठात पडू नये हे कुणाचंही मागणं रास्त आहे. म्हणून कोपराला तेल आणि डॉक्टरीणबाईंनी दिलेलं मलम, वर बाही, डोक्याला घट्ट रुमाल, हे मी पाळते. पण माझ्या हाताचीच किळस करायची, हे मी कुणाचंच ऐकणार नाही, असं मी ठणकावलं. अक्का माझं कोपर बघत आपला गुडघा चोळायला लागली.

"मग माझ्या गुडघ्यालाबी दे की तुझी सोमवारची गोळी," ती म्हणाली.

"गप बस! तुझे गुडघे वयानं कुरकुरायलेत."

सगळ्या हसल्या. दुसऱ्या दिवशी चहा आला तेव्हा कान तुटलेला कप अक्कानं स्वतःकडं ओढला आणि माझ्याकडं न बघता त्यातून पीत बसली. मी हात धुतले आणि काठवट पुढं घेतली.

तीन-एक महिन्यांनी मूठ मिटायला लागली, चट्टे फिके पडले, आणि मी करजगीला गेले. भावाचं घर, दुपारची वेळ, वहिनी चुलीपुढं. आई दाराजवळ आपलं ताट घेऊन, नेहमीसारखी. मी तिच्यासमोर बसले आणि बाही वर केली.

"हे बघ, आई."

तिनं बघितलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "माझंच लागलं गं तुला! पर कसं लागलं? म्या तर तुला कवाच जवळ घेतलं न्हाई!"

मी रांगत होते तेव्हा तिच्या हातांवर चट्टे उठले होते. घरच्यांनी तिला चुलीपुढून उठवलं, आणि पुढचं तिनं स्वतःच ठरवलं. लेकराला लागू नये म्हणून मांडीवर घेतलं नाही, कुशीत झोपवलं नाही, एक घास भरवला नाही. आणि मी एवढी वर्षं धरून बसले होते, आईला माझी माया नाही. मी तिला डॉक्टरीणबाईंचं सगळं सांगितलं. हे शिवून लागत नाही. रक्तातून थोडी ओढ येते, एखाद्याला येते, एखाद्याला येत नाही. पुढच्या खेपेला तिलाही बिदरला न्यायचं, हेही सांगितलं. ती ऐकत होती, पण एकाच ठिकाणी अडकली होती.

"म्हंजे," ती म्हणाली, "तुला जवळ घेतलं असतं तरी चाललं असतं?"

मला खोटं बोलता आलं असतं. नाही बोलले.

"व्हय आई. चाललं असतं."

ती उठली आणि वहिनीला बाजूला सारून काठवटीपुढं बसली. "आत्याबाई, तुम्हाला येतंय का?" वहिनी म्हणाली. आईची बोटं पार वाकडी झालीयत, दोन तर उघडतच नाहीत. तरी गोळा घेतला आणि थापायला लागली. दर तीन थापांनी करंगळीनं कड आत लोटत होती आणि गोळा फिरवत होती. तीन थापा, करंगळी. तीन थापा, करंगळी. ही माझी थाप. चिटगुप्प्याचा बाजार ज्या हाताचं नाव घेतो, तो हात.

"हे तर चुलतीचं," मी म्हटलं.

"तिला कुणी शिकवलं?" आई म्हणाली. "नवी नवरी हून आली तवा तिला पीठबी मळता येत न्हवतं."

भाकरीची कड दोन जागी फाटली होती. माझ्या शेडात अशी भाकरी मी बाजूला काढते. आईनं ती शेकली, उतरवली, गरम गरमच मोडली, तुकडा शेंगाच्या चटणीला लावला आणि हात पुढं केला. वाकड्या बोटांत तुकडा नीट धरला जात नव्हता. लगेच तिनं हात मागं घेतला आणि तुकडा माझ्या ताटात ठेवायला निघाली.

मी तिचं मनगट धरलं. सेहेचाळीस वर्षांची बाई मी, दोन लेकरांची आई. तोंड उघडून बसले.